पुढची दोन चाकं

३ मार्च, रविवार

पहिली गाडी नापास. सुटलो!

मिस्त्री सरपटत गाडीखाली गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. हाताला ओला काळा रंग. "साहेब, खालून मेकअप केलाय." मग पेचकस घेऊन पुन्हा आत. आम्हाला आवाज ऐकू आला — लोखंडावर लोखंड आपटल्याचा नाही, टोस्ट मोडल्याचा. चेसिस गंजून पार गेलेली.

विकणारा म्हणाला, "जुन्या गाडीत एवढं चालतंच हो."

मिस्त्री म्हणाला, "एवढंच चालतं. गाडी चालत नाही."

बसने परत. बायको हातातली जाहिरात चुरगाळत होती. धाकटी रडकुंडीला आलेली. थोरली खिडकीबाहेर बघत होती. मी वाईट वाटल्यासारखा चेहरा करून बसलो. चेहरा धरून ठेवणं फार कष्टाचं काम आहे.

५ मार्च

इथे तरी खरं लिहावं.

महिन्यापूर्वी डोळे तपासले. हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, समोर पांढरं भांडं. त्यात ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी मन लावून दाबत होतो. मध्ये बराच वेळ काहीच चमकलं नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलं. तसं त्या मुलीला सांगितलंही. ती म्हणाली, "चालू आहे, काका."

काचबिंदू. दोन्ही डोळे, डावा जास्त. समोरचं स्वच्छ दिसतं. डावीकडचं आणि खालचं दिसत नाही. तिथे अंधार वगैरे नसतो — काहीच नसतं, आणि ते नाही हेही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून टिकवू. वाचा, लिहा. फक्त गाडी चालवायची नाही.

"थोडीसुद्धा?"

"थोडी गाडी म्हणजे काय?"

मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासतो. बावीस वर्षं झाली. नोकरीला धक्का नाही. तरी घरी सांगितलेलं नाही. आमच्या घरात गाडी म्हणजे मी. तंबू, पाण्याचे कॅन, दोरखंड भरून दरवर्षी कुठल्या तरी नदीकाठी, कुठल्या तरी डोंगरावर — आणि स्टिअरिंगपाशी नेहमी मी. बायकोकडे परवाना आहे, तो कपाटात. थोरलीला गेल्या वर्षी मिळाला. पण चढ लागला की मी म्हणणार, "उतर, इकडे दे." गेल्या वर्षी आमची छोटी गाडी नदीच्या वाळूत रुतली. चार तासांनी ट्रॅक्टर आला. तेव्हाच बायकोने ठरवलं, ही विकायची आणि जुनी पण दणकट, चारही चाकांनी ओढणारी फोर बाय फोर घ्यायची. छोटी विकूनही झाली. जुलैत थोरली नोकरीसाठी दूर जाणार. म्हणजे एप्रिलची सुट्टी ही चौघांची शेवटची सहल.

आणि मी मनोमन जप करतोय की गाडी मिळू नये.

६ मार्च

काल एक राहिलं. डोळे तपासायला गेलो कशामुळे? जानेवारीत वळणावर एक सायकलवाला डावीकडून आला. कुठून आला, माहीत नाही. शेजारी बसलेली थोरली ओरडली, "बाबा!" ब्रेक दाबला. त्याच्या टोपलीतली भाजी रस्त्याभर. मी म्हटलं, "दिसला होता गं मला."

दिसला नव्हता.

८ मार्च

थेंबांची बाटली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. आज शेजारच्या टेबलवाल्याने पाहिलं. "रडताय की काय?"

म्हटलं, "सातवीचा भूगोल वाचतोय."

त्याला पटलं.

१० मार्च, रविवार

दुसरी गाडीही गेली.

हिच्यावर बायकोचा जीव जडला होता. ती भौतिकशास्त्र शिकवते, तेव्हा प्रत्येक गोष्टीचा तक्ता होतो. इंजिन, टायर, मागची जागा, तंबू आडवा मावतो का — सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. मालकाने चावी माझ्यापुढे धरली. "या, एक चक्कर मारा."

मी कमरेवर हात ठेवला. "पाठ धरलीय. थोरली मारेल."

थोरलीने चावी घेताना माझ्याकडे पाहिलं. हिवाळ्यात घेतलेले तिचे ते तपकिरी बूट — हल्ली पायातून काढतच नाही — क्लचवर अलगद ठेवले, आणि गाडी लोण्यासारखी निघाली. मला घाम फुटला. चांगली गाडी!

मग मिस्त्रीने मागच्या सीटचा पट्टा ओढायला सुरुवात केली. ओढतोय, ओढतोय. पट्टा संपता संपता त्यावर एक मातकट रेघ. त्याने ती नखाने खरवडली, वास घेतला.

"साहेब, ही गाडी पोहून आलीय."

पुरातली. मालक म्हणाला, त्याला कल्पनाच नव्हती. मिस्त्री म्हणाला, "तुम्हाला नसेल. पट्ट्याला होती."

बसमध्ये मी अगदी शांत बसलो. बायको म्हणाली, "पाठ बरी दिसतेय."

१२ मार्च

धाकटीने हॉलमध्ये तंबू उभारलाय. गाडी येईपर्यंत ती तिथेच झोपणार म्हणे. डावीकडच्या दोरीला अडखळून पडलो. आज तिसऱ्यांदा.

१५ मार्च

बायको भडकली. कारण ठरलेलं — तिने तीन जाहिराती दाखवल्या, मी तिन्हींत खोट काढली. एकीचा रंग.

"रंग? तुम्ही? तुम्हाला माझ्या साडीचा रंग सांगता येतो का?"

"निळा."

"गाऊन आहे हा. आणि हिरवा आहे." मग म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय तुमचं!"

रागात बोलून गेली. नेम नव्हता, पण बाण बरोबर लागला. मी उठून गॅलरीत गेलो. धाकटीने तंबूतून डोकं काढून विचारलं, "कुणाचं अंगण?"

१७ मार्च, रविवार

आज जे केलं ते लिहायला बसलोय आणि तीनदा पेन ठेवलं.

मिस्त्री बहिणीकडे गेलाय, चार दिवसांनी येईल. पण बायको थांबायला तयार नव्हती. गाडी एका निवृत्त नर्सबाईंची. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, आम्हीही म्हटलं. नवरा सहा महिन्यांपूर्वी गेला. गाडी त्याची, जुनी, चौकोनी, पण अंगावर ओरखडा नाही. सिस्टर दर आठवड्याला धुतात. "मला चालवता येत नाही. धुता येते." किंमत आमच्या आवाक्यातली. बायकोचा तक्ता पहिल्या दहा मिनिटांत भरला.

घरामागे खडीचा चढ आहे. तिथे फोर बाय फोर तपासायचं ठरलं. मी म्हटलं, मी बाहेर उभा राहून चाकं बघतो. थोरली चालवायला बसणार होती, ती मध्येच थांबली. "नाडी सुटली." पुढच्या उजव्या चाकापाशी वाकली. मग पलीकडे गेली, पुन्हा वाकली. ही पोरगी आणि तिच्या नाड्या! बायको शेजारी बसली. धाकटी मागे, हात वर करून ओरडायच्या तयारीत.

फोर बाय फोरचा लिव्हर टाकला. गाडी अर्ध्या चढावर गेली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खडी उडाली. पुढची चाकं गप्प. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच.

थोरली खाली उतरली. "पुढून ओढत नाहीये."

बायकोचा चेहरा पडला. सिस्टरचा त्याहून. "म्हणजे बिघडलीय? ते तर म्हणायचे, ही कुठेही चढते…"

आता खरं. या जातीच्या जुन्या गाड्यांत पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी एकेक चकती असते, तिला हब म्हणतात. चकतीवर एक काटा. एका बाजूला फ्री, दुसऱ्या बाजूला लॉक. ती खाली उतरून हातानेच फिरवावी लागते. आतला लिव्हर कितीही ओढा, काटा फ्रीवर असेल तर पुढची चाकं नुसती सोबत येतात. हे मी माहितीपुस्तिकेत वाचलं होतं. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. छपाईच्या चुकाही काढल्या होत्या, अकरा.

मी उजव्या चाकापासून दोन हातांवर उभा होतो. काटा मला दिसत होता. अगदी समोर, जिथे मला अजून सगळं दिसतं.

फ्री.

दोन पावलं आणि मनगटाचा एक झटका, एवढंच काम होतं. मी म्हटलं, "वाईट झालं."

२० मार्च

सिस्टरचा फोन. आवाज इतका नम्र की मला ऐकवेना. "तुम्ही येऊन बघितलंत ते बरं झालं हो. नाहीतर माझ्या हातून कुणीतरी फसलं असतं. रविवारी भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकते."

मी म्हटलं, "हो का."

हो का!

२२ मार्च

दिवसभरात एक पान तपासलं. त्यातही चूक राहिली. ती शेजारच्याने काढली.

२३ मार्च, शनिवार

बायकोला सांगितलं, ऑफिसला जातोय. बसने सिस्टरकडे गेलो.

त्यांनी दार उघडलं. मी चपलाही काढल्या नाहीत. "गाडी चांगली आहे. बिघडलेली नाही. मला माहीत होतं, मी बोललो नाही."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आधी बसा. चहा घेता?"

चहा नको म्हटलं, आधी बाहेर या म्हटलं. वाकून दोन्ही चकत्या लॉकवर फिरवल्या. सिस्टर माझ्या मागे उभ्या. "अगंबाई, हे होय! चढ आला की ते उतरायचे आणि चाकापाशी काहीतरी करायचे. मी आपली समजायचे, हवा बघतात." मग चकतीवर बोट ठेवलं. "पण हा काटा नेहमी तिकडेच असायचा, आता केलात तसा. धुताना माझं बोट लागायचं."

"असेल," मी म्हटलं. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मला पुढचं बोलायचं होतं.

आत आलो. त्यांनी चहाचा कप पुढे केला. बराच वेळ धरून उभ्या राहिल्या असाव्यात, कारण एकदम म्हणाल्या, "डावीकडून दिलेलं तुम्हाला दिसत नाही."

मी मान वळवली. कप तिथेच होता. वाफाळलेला.

"पस्तीस वर्षं वॉर्डात काढलीत. माणूस कुठे बघत नाही, ते मला आधी दिसतं. घरी माहीत आहे?"

"नाही."

"म्हणून गाडी नको होती?"

"हो."

"सरळ नको म्हणायचं की!"

"मग का ते सांगावं लागलं असतं."

त्यांनी बशीत बिस्किटं ठेवली. उजवीकडे. "भंगारवाल्याला नको म्हणून कळवते. पण गाडी मी तुम्हाला विकणार नाही."

मी मान हलवली. माझं कर्म.

"चालवणारीला विकेन," त्या म्हणाल्या. "तिला घेऊन या. आणि सांगून आणा."

२४ मार्च, रविवार

सांगितलं.

बायको उत्तरपत्रिका तपासत होती. मुली शेजाऱ्यांकडे. मी म्हटलं, "एक सांगायचंय." तिने लाल पेनचं टोपण लावलं.

"नोकरी गेली?"

"नाही."

"दुसरी कोणी आहे?"

"नाही गं!"

"मग बोला पटकन. माझा जीव टांगलाय."

बोललो. पांढरं भांडं, ठिपके, सायकलवाला, थेंब, ड्रॉवर, दोन्ही गाड्या गेल्या तेव्हा झालेला आनंद. शेवटी हब. ती मध्ये एकदाही बोलली नाही. वर्गात मुलं काय भोगत असतील ते कळलं.

मग म्हणाली, "म्हणजे गाडी चांगली आहे?"

"उत्तम आहे."

तिने लाल पेन फेकून मारलं. कानाला लागलं.

"दिसलं नाही ना?"

"नाही."

मग रडली. मी जवळ गेलो तर हसायलाही लागली, दोन्ही एकदम. "दोन महिने तुम्ही कुलपं लावताय, पाठ दुखतेय म्हणताय, शनिवारी ऑफिसला जाताय… काय काय आलं माझ्या मनात! तुमच्या डोळ्यांना काही झालंय हे ऐकून मला हायसं वाटावं — अशी वेळ आणलीत हो तुम्ही माझ्यावर!"

थेंबांची वेळ विचारली. तक्ता केला. फ्रिजवर लावला.

२५ मार्च

मुलींना सांगितलं. धाकटीने लगेच माझ्या डाव्या बाजूला उभं राहून बोटं नाचवली. "किती?" "माहीत नाही." "आता?" पंधरा मिनिटं हाच खेळ. शेवटी म्हणाली, "मग तंबूची दोरी उजवीकडे बांधूया ना." इतके दिवस कुणाला सुचलं नव्हतं!

थोरली स्वयंपाकघरात गेली, चहा केला, कप आणून ठेवला. माझ्या उजव्या हाताशी.

३१ मार्च, रविवार

मिस्त्री आला होता. पट्टे ओढले, खाली शिरला, तेलाचं झाकण काढून वास घेतला. बाहेर आला तो हात पुसत. "साहेब, खोट काढायला जागा नाही. माझी फी फुकट."

खडीच्या चढावर थोरली. शेजारी बायको. मी खाली उतरून हब तपासले आणि मागे सरकलो. लिव्हर टाकला. गाडी चढली — म्हणजे नुसती चढली, काही झालंच नाही अशी. धाकटीची आरोळी पलीकडच्या गल्लीत ऐकू गेली असेल. सिस्टरनी तोंडावर पदर धरला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

चावी देताना त्या थोरलीला म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा धूत जा." आणि मला, "तुम्ही चाकं सांभाळा."

७ एप्रिल

बायकोने परवाना कपाटातून काढला. त्यावरचा फोटो तिलाच ओळखू येईना. रिकाम्या मैदानावर तासभर शिकली. मी शेजारी. तीनदा "ब्रेक!" म्हणालो, तिन्ही वेळा तिने गाडी थांबवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. चौथ्यांदा म्हणालो नाही.

शेजारच्या सीटवरून रस्ता वेगळा दिसतो. झाडं असतात.

२० एप्रिल, शनिवार

आलो! तंबूच्या दारात बसून लिहितोय. समोर नदी, अजून उजेड आहे.

डांबरी रस्ता संपला तिथे थोरलीने गाडी थांबवली. मी उतरलो. उजवी चकती फिरवली, मग चाचपत पलीकडे गेलो, डावी फिरवली. बोनेटवर दोन थापा — निघा! हे आमचं आता ठरून गेलंय. ओल्या वाळूत, जिथे गेल्या वर्षी चार तास गेले, तिथून गाडी वाळू कापत गेली. बायको म्हणाली, "ट्रॅक्टरवाल्याला वाईट वाटेल."

अठरा वर्षं मी स्टिअरिंगपाशी बसून आलो आणि अठरा वर्षं पोचल्यावर माझे खांदे दुखायचे. आज दुखत नाहीत. लोक हे सुख रोज घेतात आणि बोलत नाहीत!

२१ एप्रिल

सकाळी थोरली तंबूतून म्हणाली, "बाबा, बूट दे ना बाहेरचे." उचलले. तपकिरी. हातात धरल्यावर बघितले. बाजूला चेन आहे. नाड्या नाहीत. नाडीला भोकंसुद्धा नाहीत.

ती बाहेर आली. माझ्या हाताकडे बघितलं, मग गाडीच्या चाकाकडे.

"सिस्टरच्या गाडीचे हब लॉकच होते, बाबा. मी फ्री केले." मग म्हणाली, "सायकलवाला तुला दिसला नव्हता. गाडी आली असती तर तू दुसऱ्या कुणाला चालवू दिली असतीस का?"

मी बूट तिच्या हातात दिले. डावा आधी.